जपानी कोणाला साधते? वाचकांच्या पत्रांना उत्तरे

जपानी भाषाप्रावीण्य परीक्षा, जिला सगळे जेएलपीटी म्हणून ओळखतात, ती आपल्याकडे जुलै आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. एन-५ ही तिची सर्वांत सोपी पातळी आणि एन-१ सर्वांत अवघड. डिसेंबरच्या परीक्षेचा निकाल जानेवारीच्या उत्तरार्धात लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी व्याकरणातल्या एखाद्या अडचणीविषयी विचारणा असते. निकालानंतर मात्र ‘मला ही भाषा येईल का’ असे सरळच विचारले जाते. या वेळी अशी पत्रे इतकी आली की हे संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. पुण्यात मी सव्वीस वर्षे जपानी शिकवते आहे. ज्यांना ही भाषा साधली आणि ज्यांनी ती अर्ध्यावर सोडली, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी मी जवळून पाहिले आहेत आणि पुढची उत्तरे त्याच अनुभवावरून देते आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एन-३ चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो. परंतु मागच्या महिन्यात एका मुलाखतीत समोरच्या जपानी गृहस्थांनी ‘स्वतःविषयी सांगा’ एवढेच म्हटले आणि मला चार वाक्यांपलीकडे जाता आले नाही. शब्द माहीत होते, व्याकरण माहीत होते, तरी तोंडातून काही बाहेर पडेना. माझ्यात नेमके काय कमी आहे? (विद्यार्थी, सांगली)

उत्तर : तुमच्यात काही कमी आहे असे समजू नका, ज्या गोष्टीची परीक्षाच झाली नाही, ती तुम्ही अजून केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. जेएलपीटी १९८४ साली सुरू झाली आणि २०१० पासून ती पाच पातळ्यांवर घेतली जाते, पण तिच्या कोणत्याही पातळीवर बोलण्याची किंवा स्वतः लिहिण्याची परीक्षा नाही. शब्द आणि व्याकरण, वाचन आणि श्रवण या सर्व भागांत दिलेल्या पर्यायांतून एक निवडायचा असतो. एन-३ला १८०पैकी ९५ गुण आणि प्रत्येक भागात ६०पैकी किमान १९ गुण मिळाले की विद्यार्थी उत्तीर्ण होतो. तुमचे प्रमाणपत्र खरे आहे. ते एवढेच सांगते की शब्द समोर आला तर तुम्ही त्याला ओळखता. हाक मारल्यावर तो शब्द धावत येईल की नाही, हे त्या प्रमाणपत्राला ठाऊक नसते.

येथे मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवते. पाठांतरात ती वर्गात सहावी-सातवी असेल, पहिली कधीच नव्हती. तिच्याकडे दोनशे पानी वही होती आणि प्रत्येक पानाच्या मधोमध तिने उभी रेघ मारलेली असे. डावीकडे ती स्वतः जे म्हणाली ते वाक्य आणि उजवीकडे समोरच्या जपानी माणसाने त्याच आशयाचे जे म्हटले ते वाक्य. एकदा वर्गाला भेट द्यायला आलेल्या एका जपानी बाईंना ती म्हणाली, ‘तोमोदाचि गा वाताशि नि होन ओ आगेमाशिता’, म्हणजे मैत्रिणीने मला पुस्तक दिले. बाई प्रसन्नपणे हसल्या आणि म्हणाल्या, ‘आ, तोमोदाचि गा कुरेता न देसु ने.’ वर्गातल्या इतरांना एवढेच कळले की बाईंना वाक्य समजले. या मुलीने मात्र ‘कुरेता’ हा शब्द टिपला. आपण मराठीत ‘देणे’ हे एकच क्रियापद दोन्ही दिशांना वापरतो. जपानीत माझ्याकडून दुसऱ्याकडे जाते ते ‘आगेरु’ आणि दुसऱ्याकडून माझ्याकडे येते ते ‘कुरेरु’. हा नियम तिने पाठ्यपुस्तकात वाचलेला होता आणि परीक्षेत बरोबरही सोडवला होता. पण तो तिच्या तोंडी बसला तो त्या दिवशी.

जपानी माणूस सहसा तुमची चूक दाखवून देत नाही. तेच वाक्य शुद्ध करून, आपल्या उत्तरात गुंफून तो ते तुम्हाला परत देतो, आणि ज्याला ते परत मिळाल्याचे कळते तो पुढे जातो. सव्वीस वर्षांत मी पाहिलेल्या यशस्वी विद्यार्थ्यांत हुशारी, वय, शिक्षण, घरची परिस्थिती यांपैकी कोणतीच गोष्ट समान नव्हती. ही एक सवय मात्र जवळजवळ सर्वांत होती. ती मुलगी आज दुभाषी म्हणून काम करते.

तुम्ही उद्यापासून एवढे करा. एखाद्या सोप्या जपानी संभाषणाची वीस सेकंदांची ध्वनिफीत घ्या, ती ऐकत असतानाच अर्ध्या क्षणाच्या अंतराने तेच शब्द त्याच लयीत म्हणा आणि स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करा. दुभाष्यांच्या प्रशिक्षणात ही पद्धत वापरतात आणि तिला ‘शॅडोइंग’ म्हणतात. मग दोन्ही आवाज शेजारी-शेजारी ऐका. पहिल्या आठवड्यात स्वतःचा आवाज ऐकवणार नाही, इतका तो वेगळा वाटेल, तरीही ऐका. रोज नव्या वीस सेकंदांच्या मागे लागू नका. एकच तुकडा आठवडाभर घेतला तर अधिक उपयोग होतो.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करतो आणि कंपनीच्या आग्रहामुळे जपानी शिकतो आहे. माझे पुस्तक इंग्रजीत आहे. त्यात म्हटले आहे की जपानी वाक्यरचना पूर्ण उलटी असते आणि शिकणाऱ्याला विचार करण्याची पद्धतच बदलावी लागते. हे वाचून धीर सुटतो. (वाचक, पुणे)

उत्तर : ते पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे आणि त्यातला ‘उलटी’ हा शब्द इंग्रजीच्या बाजूने पाहिले तरच खरा आहे. आपण ‘मी पुस्तक वाचतो’ म्हणतो आणि जपानी माणूसही त्याच क्रमाने ‘वाताशि वा होन ओ योमु’ म्हणतो. आपण ‘घराचे’, ‘घरातून’, ‘पेनाने’ असे नामाच्या मागे प्रत्यय लावतो. तेथेही ‘नो’, ‘कारा’, ‘दे’ नामाच्या मागेच येतात. हे तर कोणीही सांगेल, परंतु साम्य याहून बरेच खोल आहे आणि मराठी विद्यार्थ्यांना ते कोणी पुरेसे दाखवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘खाऊन बघ’ हे वाक्य घ्या. येथे डोळ्यांनी बघण्याचा काही संबंध नाही; करून पाहणे, अनुभव घेणे, एवढाच अर्थ आहे. जपानीत हेच ‘ताबेते मिरु’ असे म्हणतात आणि ‘मिरु’ म्हणजे पाहणे. ‘लिहून ठेव’ म्हणजे पुढे लागेल म्हणून आताच लिही. जपानीत ‘काइते ओकु’, आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘वाचून दाखव’ला ‘योन्दे मिसेरु’, ‘मिसेरु’ म्हणजे दाखवणे. ‘घेऊन ये’ला ‘मोत्ते कुरु’, ‘कुरु’ म्हणजे येणे. ‘खाऊन टाकले’ यातली ती जराशी हळहळ किंवा एकदाचे संपवल्याची भावना ‘ताबेते शिमात्ता’मध्ये जशीच्या तशी आहे. इंग्रजी पुस्तकाला यातल्या प्रत्येक रचनेसाठी एक-एक पान स्पष्टीकरण लागते. तुम्हाला तुमच्या आईने चौथ्या वर्षाच्या आत हे सगळे शिकवलेले आहे.

तसेच ‘काल आलेला माणूस’. माणसाविषयीची सारी माहिती त्याच्या आधी आली आणि कोणताही जोडणारा शब्द लागला नाही. जपानीतही ‘किनोओ किता हितो’ याच क्रमाने येते. ‘तो येतो म्हणाला’ यासाठी ‘कुरु तो इत्ता’. ‘मला मांजर आवडते’ या वाक्यात आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी असते आणि आवडणारा माणूस बाजूला उभा असतो. जपानीत ‘नेको गा सुकि’ म्हणताना मांजराला ‘गा’ लागतो तो याच वृत्तीने. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी तेथे हमखास कर्माचा ‘ओ’ लावतो. माझे मराठी विद्यार्थीही लावतात, कारण ते मनात आधी इंग्रजी वाक्य तयार करतात. त्यांना मी एकच सांगते, की वाक्य आधी घरच्या मराठीत म्हणा आणि मग जपानीत या.

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेने इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी जपानीला ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे २२०० तास लागतात असा हिशेब मांडला आहे आणि तोच आकडा आपल्याकडे सर्रास सांगितला जातो. लिपीच्या बाबतीत आपलेही कष्ट तितकेच आहेत, पण वाक्याच्या बाबतीत आपण कितीतरी पुढून सुरुवात करतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. नामाच्या मागे येणाऱ्या ‘वा’ आणि ‘गा’ या दोन प्रत्ययांतला फरक मराठीने पूर्ण सुटत नाही. ‘मी तर जाणार’ आणि ‘मीच जाणार’ यांतला फरक मनात धरला तर पहिली पायरी चढता येते, कारण ‘वाताशि गा इकिमासु’मध्ये बहुतेक वेळा तो ‘च’ दडलेला असतो. पुढच्या पायऱ्या केवळ ऐकून आणि वाचूनच चढाव्या लागतात. तेथे नियमांची टिपणे वाढवत बसू नये.

प्रश्न : कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरचिन्हे, मी प्रत्येकी पन्नास वेळा लिहिते. दुसऱ्या दिवशी आठवतात, पंधरा दिवसांनी पुसल्या जातात. दोन हजार कांजी माझ्याच्याने कशा होणार? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : नित्य वापराच्या कांजींची जपान सरकारची यादी २०१० साली सुधारली गेली आणि तिच्यात २१३६ कांजी आहेत. त्यांपैकी १०२६ कांजी जपानी मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात, तीही दिवसभर त्याच भाषेत वावरत असताना. तेव्हा तुम्हाला एका वर्षात तीनशे कांजी पक्क्या आल्या तर ते अपयश नव्हे.

पन्नास वेळा लिहिल्याने हात शिकतो, पण पुढच्या पंधरा दिवसांत ती कांजी तुमच्यासमोर आलीच नाही तर स्मरणशक्तीने तरी ती कशासाठी राखावी? पन्नास वेळा एकाच दिवशी लिहिण्यापेक्षा आज पाच वेळा, परवा तीन वेळा, आठवड्याने दोनदा आणि महिन्याने एकदा, तेही न पाहता आठवून लिहावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाविषयीचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून अशा अंतराअंतराने केलेल्या उजळणीचे महत्त्व ठाऊक आहे. अनेक विद्यार्थी यासाठी ‘अंकी’ नावाचे ॲप वापरतात. ‘अंकी’ हा जपानी शब्दच आहे आणि त्याचा अर्थ पाठांतर.

परंतु कांजीतली खरी अडचण आकाराची नसून वाचनाची असते आणि ती सुटायला पुन्हा मराठीच कामी येते. ‘पाणी’ आणि ‘जल’ हे दोन शब्द पाहा. तहान लागली की आपण पाणी मागतो, जल मागत नाही. परंतु जोडशब्द करायचा झाला की जलाशय, जलमार्ग, जलतरण. आता अशी कल्पना करा की या दोन्ही शब्दांसाठी एकच चिन्ह आहे, ते एकटे असले की ‘पाणी’ वाचायचे आणि जोडशब्दात ‘जल’. जपानीत नेमके हेच होते. पाण्याची कांजी एकटी असताना ‘मिझु’, आणि जोडशब्दात ‘सुइ’: पोहणे ‘सुइएइ’, नळाचे पाणी ‘सुइदोओ’. ‘मिझु’ हा देशी शब्द, ‘सुइ’ हा चिनीतून आलेला. आपल्याकडे देशी आणि तत्सम शब्दांत जे नाते आहे तेच तेथे एका चिन्हात सामावले आहे. म्हणून कांजी कधीही सुटी पाठ करू नका; तिच्या दोन-तीन शब्दांसह आणि त्यातल्या एका शब्दाच्या वाक्यासह करा.

दुसरी गोष्ट, कांजीचे भाग ओळखायला शिका. निळ्या-हिरव्या रंगाची जी कांजी आहे तिचे चिनी वाचन ‘सेइ’. तिच्या डावीकडे पाण्याचे चिन्ह आले की अर्थ स्वच्छ, सूर्याचे आले की निरभ्र, वाणीचे आले की विनंती. आणि या तिन्हींचे चिनी वाचन ‘सेइ’च. डावा भाग अर्थ सुचवतो आणि उजवा भाग उच्चार. सर्वच कांजींत असे होत नाही, पण इतक्यांत होते की पहिल्या तीनशेनंतर पुढच्या तीनशे निम्म्या कष्टांत येऊ लागतात. माझ्या पाहण्यात जपानी सोडणारे बहुतेक विद्यार्थी हे वळण येण्याच्या थोडे आधीच सोडतात.

प्रश्न : जपानीत इंग्रजी शब्द पुष्कळ आहेत, ते काताकाना लिपीत लिहितात असे ऐकले. मग शब्दसंग्रह सोपाच नाही का? (वाचक, ठाणे)

उत्तर : काही अंशी सोपा आहे, पण तेथेच पाय घसरतो. ‘मान्शोन’ म्हणजे हवेली नव्हे, इमारतीतला फ्लॅट. ‘कुरेएमु’ (इंग्रजी ‘क्लेम’) म्हणजे ग्राहकाची तक्रार. ‘कान्निंगु’ (इंग्रजी ‘कनिंग’) म्हणजे परीक्षेतली कॉपी. हे शब्द आता इंग्रजी राहिलेले नाहीत, जपानी झाले आहेत. त्यांचे अर्थ आणि उच्चार जपानी माणसाकडूनच घ्यावेत.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे, वय ५९. नात जपानमध्ये जन्मली आहे आणि मला तिच्याशी तिच्या भाषेतही बोलता यावे, असे वाटते. या वयात जपानी शिकणे हा हट्ट आहे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, हा हट्ट मुळीच नाही. इतके नेमके कारण घेऊन येणारे विद्यार्थी मला फार थोडे मिळाले आहेत. लहान मूल उच्चार चटकन उचलते हे खरे, परंतु व्याकरण समजून घेण्यात, अभ्यासाची शिस्त लावून घेण्यात आणि काय येत नाही हे ओळखण्यात प्रौढ माणूस मुलापेक्षा सरस असतो. त्यातून आपण चाळीस मुलांच्या वर्गाला बाराखडी शिकवलेली आहे.

बाराखडीचा उल्लेख मी सहज केलेला नाही. जपानी अक्षरांच्या तक्त्यात स्वर ‘आ, इ, उ, ए, ओ’ आणि ओळी ‘आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा’ अशा क्रमाने येतात. आपल्या वर्णमालेशी हा क्रम ताडून पाहा: आधी स्वर, मग कंठ्य क, दंत्य त आणि न, ओष्ठ्य म, शेवटी य, र, व. जपानमधल्या बौद्ध भिक्षूंनी मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा आणि तिच्यामागच्या संस्कृत वर्णक्रमाचा अभ्यास केला, त्या परंपरेतून हा क्रम घडला. ‘प’ची जागा ‘हा’ने का घेतली, असे आपल्या मनात येईल. जुन्या जपानीत तो उच्चार ‘पा’ होता. आजही ‘हा’च्या डोक्यावर दोन रेघा दिल्या की ‘बा’ होतो आणि छोटे वर्तुळ दिले की ‘पा’ होतो. आपल्यासारख्या शिक्षिकेला हा तक्ता आठ-दहा दिवसांत येईल.

अडचण येईल ती ऱ्हस्व-दीर्घाची. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घच लिहितो आणि ‘ए’, ‘ओ’ यांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेदच करत नाही, त्यामुळे कानाला त्याची सवय नसते. जपानीत मात्र ‘युकि’ म्हणजे बर्फ आणि ‘युउकि’ म्हणजे धैर्य, ‘कोको’ म्हणजे येथे आणि ‘कोओकोओ’ म्हणजे उच्च माध्यमिक शाळा. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. नातीने आपल्याला काय म्हणायचे तेच या एका मात्रेवर अवलंबून आहे. प्रत्येक मात्रेला हलकी टाळी देत शब्द म्हणा, जसे आपण मुलांकडून कविता म्हणून घेत असाल. ओ-बा-सा-न या चार टाळ्या, ओ-बा-आ-सा-न या पाच.

दुसरीकडे, जे इतर परदेशी विद्यार्थ्यांना जड जाते ते आपल्याला सहज येईल. ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांत आपण कधी चुकत नाही, म्हणून ‘किते’ (ये) आणि ‘कित्ते’ (टपालाचे तिकीट) यांतही चुकणार नाही. जपानी ‘न’ पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, आणि आपला अनुस्वारही ‘संप’, ‘संत’, ‘संग’ यांत तसाच बदलतो.

नातीशी दूरध्वनीवर रोज पाच मिनिटे बोला आणि तिला शिकवू द्या. मुले मोठ्यांसारखा संकोच बाळगत नाहीत. चुकले की तिथल्या तिथे सांगतात.

प्रश्न : मुलीने जीएनएम, म्हणजे परिचारिकेची पदविका, केली आहे. एक एजंट सांगतो की तीन महिन्यांत जपानी शिकवून तिला जपानमध्ये नर्स म्हणून पाठवू, आणि मोठी रक्कम आगाऊ मागतो. विश्वास ठेवावा का? (पालक, जळगाव)

उत्तर : आगाऊ रक्कम देऊ नका. आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या. जपानमध्ये नर्स म्हणून काम करण्यासाठी तेथील राष्ट्रीय परीक्षा जपानीतून उत्तीर्ण व्हावी लागते. एजंट ज्याविषयी बोलत असावा तो ‘तोकुतेइ गिनोओ’ म्हणजे विशिष्ट कौशल्याचा व्हिसा आहे. तो २०१९ साली सुरू झाला आणि त्यावर ‘काइगो’, म्हणजे वृद्धांची शुश्रूषा, हे काम करता येते. त्यासाठी एन-४ किंवा जेएफटी-बेसिक ही भाषेची परीक्षा, शिवाय शुश्रूषेच्या कामातल्या जपानीची आणि त्या कौशल्याची परीक्षा द्यावी लागते. काम सन्मानाचे आहे, परंतु ते नर्सचे काम नाही आणि मुलीला हे जाण्याआधी स्पष्ट माहीत असले पाहिजे.

भाषेविषयी म्हणाल, तर शून्यापासून एन-४पर्यंत यायला माझ्या विद्यार्थ्यांना रोज चार तास देऊनही साधारण सहा महिने लागतात. त्याहून महत्त्वाचे हे, की शुश्रूषेच्या कामात ऐंशी-नव्वद वर्षांच्या वृद्धांचे बोलणे समजावे लागते आणि ते अस्पष्ट, तुटक, अनेकदा बोलीतले असते. ‘कुठे दुखते’ हे विचारता येणे सोपे आहे. त्याचे उत्तर समजणे अवघड आहे. जो वर्ग ऐकण्याचा सराव करून घेत नसेल, केवळ प्रश्नसंच सोडवून घेत असेल, तेथे मुलीला घालू नका.

प्रश्न : तोक्योत निशिकासाईला राहून तीन वर्षे झाली. कार्यालयात काम इंग्रजीत चालते, सोसायटीत निम्मे शेजारी भारतीय. जपानी दुकानापुरतीच येते. अलीकडे कार्यालयात एका ग्राहकाचा फोन मी जपानीत घेतला, आमच्या साहेबांविषयी अत्यंत आदराने बोललो, तरी नंतर सहकारी म्हणाला की ते चुकले. जपानमध्ये राहूनही जपानी न येणारा मीच एकटा आहे का? (वाचक, तोक्यो)

उत्तर : एकटे नाही. एखाद्या देशात राहणे आणि त्या देशाच्या भाषेत राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत. माझे काही विद्यार्थी पुण्याबाहेर न पडता उत्तम जपानी बोलू लागले आणि काही जण दहा वर्षे तेथे राहून ‘सुमिमासेन’ (माफ करा) आणि ‘दाइजोओबु’ (ठीक आहे) यांवर दिवस काढत आहेत. तुम्ही राहता त्या एदोगावा वॉर्डाच्याच सभेवर २०१९ साली महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले. वॉर्डातल्या मतदाराकडे मत मागायचे, त्याची गाऱ्हाणी ऐकायची, तर ती त्याच्याच भाषेत. म्हणजे तुमच्याच गल्ल्यांतून ती भाषा शिकता येते.

आधी फोनची गोष्ट. तुमची चूक व्याकरणाची नाही, ती मराठी संस्कारातून आलेली आहे. आपण वडीलधाऱ्यांविषयी कोणाशीही बोलताना ‘आमचे साहेब आले आहेत’ असे आदरार्थीच बोलतो. ऐकणारा कोण आहे याने त्यात फरक पडत नाही. जपानीत आदर हा आतले आणि बाहेरचे यांच्यातल्या रेषेवर ठरतो. ग्राहक बाहेरचा; म्हणून त्याच्याशी बोलताना तुमचे साहेब तुमच्या बाजूचे होतात आणि तुमच्याबरोबर त्यांनाही खाली आणावे लागते. एरवी ज्यांना ‘तानाका सान’ म्हणता त्यांच्याविषयी ‘तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु’, म्हणजे तानाका सध्या जागेवर नाहीत, असे ‘सान’ गाळून सांगायचे. मराठी माणसाच्या जिभेला हे फार जड जाते आणि मला ते समजते. मोठ्या माणसाचे नाव असे उघडे घेताना आजही माझा आवाज क्षणभर अडखळतो. पण हा साहेबांचा अनादर नाही, समोरच्या ग्राहकाला दिलेला मान आहे, हे एकदा मनात पटले की जीभ वळते.

दुसरी गोष्ट हुंकाराची. आपल्याकडे गोष्ट सांगणारी आजी नातवंडांकडून हुंकार मागते आणि तो थांबला की गोष्टही थांबते. जपानी संभाषण अशा हुंकारावरच चालते. त्याला ‘आइझुचि’ म्हणतात. लोहाराच्या भट्टीवर मुख्य कारागिराच्या घावाला साथ देत दुसरा आळीपाळीने जो घण घालतो, त्यावरून तो शब्द आला आहे. ‘हाइ’, ‘ए’, ‘नारुहोदो’, ‘सोओ देसु का’ हे सगळे घण योग्य जागी पडले की समोरचा मोकळेपणाने बोलत राहतो. ते पडले नाहीत तर तुम्हाला समजत नाही असे मानून तो बोलणे आवरते घेतो किंवा इंग्रजीकडे वळतो. मात्र लक्षात असू द्या की असा ‘हाइ’ म्हणजे होकार नव्हे, ‘ऐकतो आहे’ एवढाच त्याचा अर्थ. बैठकीत समोरचे ‘हाइ, हाइ’ म्हणत होते म्हणून प्रस्ताव मान्य झाला असे समजून आपले कितीतरी लोक फसले आहेत.

आता तुम्ही काय करावे? वॉर्डांच्या आणि शहरांच्या पातळीवर स्वयंसेवक चालवतात असे जपानीचे वर्ग ठिकठिकाणी असतात आणि त्यांचे शुल्क नाममात्र असते. वॉर्ड कार्यालयात चौकशी करून आठवड्यातून एकदा तेथे जा. तेथे शिकवणारे बहुधा निवृत्त गृहस्थ आणि गृहिणी असतात आणि त्यांना घाई नसते. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला विनंती करा की दुपारच्या जेवणात तुमच्याशी फक्त जपानीत बोलावे, तुम्ही अडलात तरी. ज्याने फोनवरची चूक आपणहून सांगितली, त्यालाच विचारा. असे सांगणारा सहकारी तेथे सहजी मिळत नाही. आणि सांगलीच्या विद्यार्थ्याला सांगितलेली ती मधोमध रेघ मारलेली वही तुम्हीही घ्या. कचरा टाकायला खाली जाल तेव्हा शेजारच्या आजी भेटतील. नुसती मान लववून परत फिरू नका. थंडीविषयी एक वाक्य बोला आणि त्यांनी ते कसे परत दिले, ते वर आल्याबरोबर उजव्या बाजूला लिहून ठेवा.